दाखल क्रमांक २११४

ऐरोली आणि रबाळ्याच्या मधल्या आमच्या गावठाणात
वाचनालय आहे, ड वर्ग.
खाली व्यायामशाळा, त्यामुळे पेपर वाचताना
वजनं आपटल्याचे हादरे बसतात.
रोजचे वाचक चार. त्यातले दोघं राशिभविष्यापुरते.

खिडकीजवळच्या लोखंडी कपाटावर
पांढऱ्या रंगात लिहिलंय: इतिहास संशोधन केंद्र.
रंग मीच दिला. शेवटचा ‘द्र’ खाली उतरलाय,
जागा पुरली नाही.
आत खारबंदिस्तीची एक हिशेबवही,
वाळवीने डावीकडून वाचत आणलेली,
मिठागराच्या मजुरीच्या चिठ्ठ्या,
आणि मीठ ओढायचं एक लाकडी फावडं.
ते पुस्तक नाही म्हणून दाखल करता येत नाही.
बाहेरही टाकवत नाही.

बामीबाई मढवी दर गुरुवारी यायची.
तिला वाचता येत नाही.
जिना चढून आली की आधी पंख्याखाली बसायची,
मग म्हणायची, “लिव.”
मी लिहायचो:
उपाशी. चार खंडी भात दिलं त्या वर्षीही नाव तेच राहिलं.
चिंबोरीचं खाचर.
नवरीचा बांध.
दोघा भावांची उघाडी:
थोरल्याने उघडायची, धाकट्याने लावायची,
बोलणं बंद होतं तेव्हाही
भरतीला दोघं वेळेवर.
वाकडी. धाकटी वाकडी.
“ह्या फुडच्याचं नाव नाय सांगनार,” एकदा म्हणाली.
मी रेघ ओढली.
ती रेघही पुस्तकात आहे.

भांगाची भरती कशी चढते ते ती हाताने दाखवायची,
तळवा जमिनीलगत, सावकाश.
हात कसा लिहायचा
हे ग्रंथपालाच्या कोर्सला नव्हतं.

एकशे सत्तेचाळीस नावं झाली.
आता तिथे सेक्टर आहेत. आकड्यांना गोष्ट नसते,
असं लिहिणार होतो,
पण सेक्टर सातच्या वॉचमनने परवाच एक सांगितली,
पाण्याच्या टाकीवरच्या बाईची.
तर ते राहू दे.

पानं ठाण्याहून बांधून आणली, निळं रेक्झिन.
तपासणीला जिल्ह्याचे साहेब आले, नोंदवही उलटली.
“लेखक?”
बामीबाई मढवी.
“आडनाव आधी.”
लिहिलं.
“प्रकाशक?”
खाली कुणीतरी वजन टाकलं.
“आणि किंमत? रकाना कोरा कसा?
एकूण जुळत नाही मग.”
मी म्हणालो, साहेब, ह्या सगळ्याची एकदा लावून झालीय,
एकरी.
तेव्हाही जुळली नव्हती.
साहेबांनी चहा संपवला.
पेन्सिलीने शून्य काढलं, खोडलं.
“बाइंडिंगचे किती दिले?”
ऐंशी.
“ऐंशी लिहा.”
माणूस वाईट नव्हता.

गुरुवारी पुस्तक मांडीवर घेऊन ती म्हणाली,
“माजी उपाशी कुटं हाय ह्याच्यात?”
तिचं बोट धरून नावावर ठेवलं.
बोटाखाली नाव पुरतं झाकलं गेलं.
“येवढीशी?”
मग म्हणाली, घरी नेते.
वर्गणी मी भरली. सहीच्या जागी शाईचं पॅड सरकवलं.
अंगठा टेकवण्याआधी
तिने ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली.
दोनदा.

परतीची तारीख होती दहा जून.
दिवाळी होऊन गेली.
नातू सांगतो, आजी ते तांदळाच्या डब्यात ठेवते,
कीड लागू नये म्हणून.
नियमाने स्मरणपत्र पाठवायला हवं,
दिवसाला दहा पैसे दंडासह.
काल कार्ड लिहायला घेतलं. पत्त्यात सेक्टर घालायचा,
तर हात लिहून गेला:
उपाशीच्या वरल्या अंगाला, नवरीच्या बांधाशी.
तसंच टाकलं पेटीत.

पोस्टमन नवा आहे.
कार्ड परत येईल बहुतेक.